पहिल्या डब्यातली जागा

मी लिहायला बसलो आहे याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही बी.एस्सी.ला, हिंदी माध्यमातून. मराठी मी शाळेत शिकलोच नाही. आईचं बोलणं, मंडळाच्या गणपतीतली भाषणं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची पानं, एवढ्यावर माझी मराठी उभी आहे. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं त्यांनी लिहावं, असं मला अजूनही वाटतं. शिवाय जे सांगायचं आहे ते मोठं नाही. एका रविवारच्या सहलीची हकीकत आहे, आणि त्या सहलीला मी गेलो नव्हतो. वाचणाऱ्याला यात काय मिळेल ते मला ठाऊक नाही.

बाबा रायपूरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. मला एकच बहीण, माझ्याहून मोठी. आई तिला ताई म्हणायला सांगायची, पण शेजारची सगळी पोरं दीदी म्हणायची म्हणून मीही दीदीच म्हणायचो. दीदी बारावीनंतर थांबली. घरी साड्यांना फॉल-पिको करायची. मी अभ्यास करायचो तेव्हा ती बाजूला मशीन चालवायची, आणि मला झोप येतेय असं दिसलं की मुद्दाम जोरात पाय मारायची.

ती सहल ज्या झुल्यांच्या पार्कला गेली, ते आम्ही दोघांनी मिळून पाहिलं होतं. बिलासपूरला एका लग्नाला चाललो होतो. सिलतरा आलं तसं बसमधल्या सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, कारण कारखान्यांची काळी धूळ आत येते. धुराचा पट्टा संपल्यावर दीदीनं काच सरकवली, आणि धानाच्या शेतांच्या मधोमध ते दिसलं. लोखंडाचा एक भलामोठा वाकडातिकडा रूळ, आकाशात चढलेला आणि तसाच खाली कोसळलेला. अजून रंगही लागला नव्हता.

"हे काय होय?" आई म्हणाली.

पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून सांगितलं, "पार्क बन रहा है माताजी. अब राजधानी है ना, बंबई जैसा सब बनेगा."

नवीन राज्य झालं होतं, तेव्हा शहरात रोज काहीतरी उघडत होतं. चौकांना नवीन कारंजी, दुकानांना काचा, लाल दिव्याच्या गाड्या. पण त्यातलं काही आपलं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. हे मात्र वाटलं. दीदी माझ्या कानाशी म्हणाली, "उघडलं की आपण दोघं जाऊ. पहिल्या डब्यात बसू." रेल्वेवाल्यांची पोरं आम्ही, रुळावर जे चालतं त्याला डबाच म्हणणार.

पुढे कितीतरी महिने ही आमची खाजगी गोष्ट होती. असल्या ठिकाणी आमच्यापैकी कोणीच कधी गेलं नव्हतं, त्यामुळे काय काय लागतं तेही कळत नव्हतं. घरचा डबा आत नेऊ देतात का? चपला पायातून उडाल्या तर? दीदी म्हणायची, "ओढणी दोन्हीकडून पिन करीन, नाहीतर तुझ्या तोंडावर येईल." कॉलेजातला माझा एक मित्र चौबे कॉलोनीत राहायचा. तो मामाकडे मोठ्या शहरात गेला होता आणि असल्या गाडीत बसून आला होता. त्यानं सांगितलं की पहिल्या डब्यात बसलं की समोर काहीच नसतं, नुसतं आभाळ असतं. हे मी घरी येऊन दीदीला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, "पुन्हा सांग."

पार्क उघडलं, आणि त्याच सुमारास दीदीचं लग्न जमलं.

मुलगा तात्यापाऱ्यातला, म्हणजे शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतला. त्यांचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात. समोर दुकान, मागे दुमजली घर, काका वकील, आत्या डॉक्टर. नवीन मंत्रालयात त्याला नोकरी लागली होती. मंत्रालय तेव्हा जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटलं होतं. त्याच इस्पितळात माझा जन्म झाला होता, आणि आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची की जिथे हा रडला तिथे आता जावईबापू फायलींवर सह्या करतात. मला ते ऐकवत नसे.

तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो चांगला होता. बाबांशी बोलताना खुर्चीतून पुढे सरकून बसायचा. मला त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "फिजिक्स आहे ना तुझं? कठीण असतं यार." मी त्याला जीजाजी म्हणालो. आईनं मागून चिमटा काढला, "भाऊजी म्हण." मी पुढे काहीच म्हणायचं नाही असं ठरवून टाकलं.

साखरपुडा झाल्यावर तो एका संध्याकाळी आला. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यानं सहज सांगितलं, "येत्या रविवारी नवीन पार्कला जाऊ म्हणतो. हिला घेऊन." मग माझ्याकडे पाहिलं. "आणि हा पण. एकटं कसं नेणार."

आमच्याकडे लग्नाआधी दोघांना एकटं पाठवत नाहीत. कोणीतरी बरोबर जातं, आणि तो कोणीतरी मी होतो. त्याच्याच तोंडून हे ऐकलं म्हणून आईचा जीव भांड्यात पडला. मी मात्र बशीतल्या शेंगदाण्यांकडे पाहत राहिलो. आमची जागा. तिथे जायला मला आता त्याच्या निमंत्रणाची गरज होती.

त्यानं सगळं ठरवूनच आणलं होतं. ऑफिसमधले लोक जाऊन आले होते. "सकाळी गेट खुलतं तेव्हाच घुसायचं. आधी कोस्टर, मग जेवण. जेवून कोस्टर नाही. दुपारी ती भुतांची गुफा आहे, तिच्यात एसी आहे. मग संध्याकाळी पाण्याकडे."

"पाण्यात जाऊन राहिले का तुम्ही लोकं?" आईनं विचारलं.

"नाही आई, पाय भिजवायचे फक्त."

"मग ठीक आहे. ह्या पोट्ट्याले सर्दी लवकर होते."

दीदी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "पहिल्या डब्यात बसलं तर समोर काहीच नसते म्हणे. नुसतं आभाळ."

हे माझं वाक्य होतं. तिला मी सांगितलेलं. ती ते त्याला देत होती, आणि देताना माझ्याकडे पाहतही नव्हती.

"मग पहिल्याच डब्यात बसू," तो म्हणाला. "मी तिथल्या माणसाशी बोलून ठेवतो."

मी विचारलं, "एका डब्यात किती जण बसतात?"

"दोन. तू आमच्या मागेच. घाबरलास तर माझी कॉलर पकड."

सगळे हसले. दीदीही हसली. मीही हसलो, आणि ते हसू गालात तसंच धरून ठेवून बाहेर नळावर गेलो. तिथे माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते. त्याची मोटरसायकल आमच्या दारात उभी होती. तिचा आरसा मी वाकडा केला. मग पुन्हा सरळ केला.

त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. दीदी ऐनवेळी म्हणेल की मला भावाजवळ बसायचं आहे. ती असं कधी म्हणणार, रांगेत म्हणणार की डब्याजवळ पोचल्यावर, त्यावर त्याचा चेहरा कसा होणार, हे सगळं मी बसवून ठेवलं होतं. मी अभ्यासाला बसायचो आणि तिच्या मशीनच्या आवाजात हेच ऐकत राहायचो. एकदा विचारणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "दोरा संपला वाटते." ती म्हणाली, "हव, संपला."

मग आईच्या लक्षात आलं की आम्ही तिघं होतो.

"तिघं कुठी निघत असतात का चांगल्या कामाले?" ती बाबांना म्हणाली. "काहीतरी आडवं येते."

बाबा जेवत होते. "चांगलं काम काय व त्याच्यात? झुल्यात बसून राहिले ते."

"पहिल्यांदा जाऊन राहिली पोट्टी त्याईच्या संगं. चांगलंच काम होय."

"मग सुपारी दे एक ह्याच्या खिशात. झाले चार."

आमच्याकडे असंच करतात. तिघांनी निघायची वेळ आली तर एक सुपारी किंवा खडा बरोबर घ्यायचा, तो चौथा. बाबांनी ते थट्टेत सांगितलं, पण आईला पटलं. तिनं डब्यातून एक चांगली सुपारी काढून देवापुढे ठेवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आईला वाटलं, आपण परस्पर काही करायला नको, मुलाकडच्यांच्या कानावर घालावं. आमच्याकडे नुकताच फोन बसला होता. आईनं डोक्यावरचा पदर नीट करून त्याच्या आईला फोन लावला.

मी शेजारीच होतो. तात्यापाऱ्याच्या बाईंसमोर सुपारी म्हणायची आईला लाज वाटली. त्यांना हे गावठी वाटेल म्हणून ती आडून आडून बोलत राहिली. "नाही, तसं काही नाही बाई. तिघंच होऊन राहिले ना, म्हणून म्हटलं. तीन बरं नाही दिसत. चौथं कोणी संगं असलं की मनाले बरं वाटते. आपलं नावापुरतं."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आई खूष होऊन फोन ठेवत म्हणाली, "चांगल्या आहेत बाई. लगेच समजल्या."

त्या काय समजल्या ते दुसऱ्या दिवशी कळलं. मुलीकडच्यांना मुलाच्या घरची एखादी बाई बरोबर हवी आहे, मुलगी अशी पाठवायला ते कचरत आहेत, असा त्यांनी अर्थ घेतला होता. आणि मान ठेवायचा तर पुरताच ठेवावा म्हणून त्यांनी भिलाईला फोन करून आपली मुलगी, जावई आणि लहान नात, तिघांनाही बोलावलं होतं. तो सांगायला आला तेव्हा बिचारा खरोखर आनंदात होता. "आई म्हणाली, बरं झालं तुम्ही सांगितलं. आमचे दीदी-जीजाजी पण किती दिवसांचे म्हणत होते."

त्याच्या काकांची कार होती. चालवायला तो. शेजारी भिलाईचे जावई, कारण जावयाला मागे कसं बसवणार. मागे त्याची बहीण, त्यांची मुलगी आणि आमची दीदी. मी मनात मोजत होतो तेच आईही मोजत होती.

"मागे चौघं बसतील ना," तो म्हणाला, पण म्हणताना त्यानं माझ्या लांब पायांकडे पाहिलं.

"कशाले अडचण करता," आई लगेच म्हणाली. "आता ननंद आहे ना संगं. हा काय, घरचाच आहे. हा कधीही जाईल."

तो गेल्यावर मी म्हणालो, "मले काहून काढलं?"

"काढलं कुठी? तू घरचा माणूस होय ना बाबा."

"घरचा माणूसच बाहेर राहते का मग?"

बाबा म्हणाले, "बसनं जाय तू. गेटावर भेट त्याईले."

"काही नको," आई म्हणाली. "गाडीत जागा नाही दिली म्हणून पोट्टा बसनं आला, असं वाटलं त्याईले तर? जावयासमोर त्याईची मान खाली जाईल."

दीदी मशीनवर होती. ती म्हणाली, "मी सांगू का त्यांना? मी मांडीवर घेते पोरीला, हा बसेल बाजूला."

मी आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू काही सांगू नको," आई म्हणाली. "लग्नाआधीच भावासाठी भांडली म्हणतील."

दीदीनं माझ्याकडे पाहिलं. मग कापड पुढे सरकवलं आणि पाय मारला. एवढंच. तिनं अजून एकदा म्हणायला हवं होतं असं मला वाटलं. अजून एकदा म्हणाली असती तर मी स्वतःच नाही म्हणालो असतो, आणि मग मला इतकं लागलं नसतं.

रविवारी सकाळी कार आली. दीदीनं ओढणी दोन्हीकडून पिन केली होती. भिलाईचे जावई पुढे बसले होते, डोळ्यांना काळा चष्मा, आणि गाणं लावा म्हणत होते. त्यांची मुलगी गाडीत बसताबसताच दीदीच्या मांडीवर चढली. आईनं सगळ्यांना दही-साखर दिली. दीदीनं काचेतून हात हलवला. मी हलवला की नाही ते आठवत नाही. देवापुढची सुपारी तिथेच राहिली. आता तिचं काही काम नव्हतं.

मी पुस्तक उघडलं. थोड्या वेळानं मिटलं आणि सायकल काढली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, पण सायकल बिलासपूर रोडलाच लागली. सिलतऱ्यापर्यंत गेलो. ट्रक अंगावरून जात होते. डोळ्यांत कोळशाची धूळ जात होती. कारखान्यांची फाटकं सुरू झाली तशी माझी हिंमत संपली. पुढे गेलो असतो तर गेटावर काय म्हणालो असतो? तिथून पार्क दिसत नव्हतं, धूरच दिसत होता. मी पाय टेकवून उभा राहिलो आणि धुरापलीकडे आता ती पहिल्या डब्यात बसली असेल, दांडा खाली आला असेल, तिच्या बाजूला तो असेल, असं पाहत राहिलो. गाडी चढते आहे. समोर काहीच नाही. ती घाबरून त्याचा हात धरते आहे. हा हात धरण्याचा भाग मी पुन्हा पुन्हा पाहिला. मग परत फिरलो.

"कुठी गेला होता? तोंड पाह्य आरशात," आई म्हणाली.

"मित्राकडे."

"मित्र काय भट्टीत राहते का?"

अंधार पडताना दीदी आली. केस विस्कटलेले, पाय धुळीनं भरलेले. आईला सगळं ऐकायचं होतं, पण तिचे प्रश्न वेगळे होते. जेवायला काय होतं, ननंद काय म्हणाली, जावयांनी काही बोलून दाखवलं का. दीदी म्हणाली, "छान होतं सगळं." मी भिंतीला टेकून बसलो होतो. विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी विचारलं, "उंच होतं?"

"खूप उंच," ती म्हणाली. "लोकं ओरडत होते नुसते."

पुढे काही बोलणार होती बहुतेक. मी उठून बाहेर गेलो.

त्यानंतर लग्नापर्यंत मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. मोटरसायकलचा आवाज आला की मागच्या दारानं निघायचो. ती विचारायची, "काय झालं रे तुला?" मी म्हणायचो, "परीक्षा है." हिंदीत म्हणायचो, म्हणजे अंतर राहील. कॉलेजात चौबे कॉलोनीचा मित्र त्या पार्कला जाऊन आला आणि पहिल्या डब्याचं वर्णन करू लागला, तर मी ऐकत बसलो. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं. वर पोचल्यावर गाडी क्षणभर थांबते, तो म्हणाला, आणि त्या क्षणी बाजूचा माणूस कोण आहे ते जन्मभर लक्षात राहतं. त्याच्या बाजूला त्याचा चुलतभाऊ होता.

लग्न झालं. मांडवात मी खूप काम केलं, पाणी भरलं, पंगती वाढल्या, सगळे म्हणाले भाऊ असावा तर असा. निरोपाच्या वेळी दीदी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि तेव्हाही माझ्या मनात कुठेतरी तो डबा होता. हे मी आज खरं खरं लिहितो आहे.

काही दिवसांनी तिला पहिल्यांदा माहेरी आणायचं होतं. मुराळी म्हणून भावानं जायचं असतं, म्हणून मी गेलो. तात्यापाऱ्यातल्या त्या घरी मला कोचावर बसवलं. दीदी आत बॅग भरत होती. भाऊजी ऑफिसला गेले होते. त्यांच्या आईनं स्वतः बशी आणून दिली, शिरा, वर काजू, आणि समोर बसल्या. त्यांची मराठी जुनी, मध्येच हिंदी.

"खा. लाजू नको. तुझी बहीण खूप चांगली पोरगी आहे, सच कहती हूँ. मला तर लग्नाआधीच कळलं होतं."

मी मान हलवली.

"त्या पार्कच्या दिवशीच. माझी नात कोणाकडे राहतच नव्हती, हिच्याजवळच चिपकून. त्या मोठ्या गाडीत एवढ्या लहान मुलीला कोण बसू देणार? माझी मुलगी म्हणाली, मी थांबते खाली. ही म्हणाली, नाही नाही, तुम्ही बसा, मी सांभाळते. दिवसभर सांभाळलं. सगळ्यांच्या चपला, घड्याळं, पर्स, सगळं हिच्या मांडीवर. एका झुल्यात बसली नाही. गुफेतसुद्धा गेली नाही, नात घाबरेल म्हणून. आल्याबरोबर माझी मुलगी मला म्हणाली, आई, बहू अच्छी मिली है."

मी चमचा बशीत ठेवला. विचारलं, "आणि पहिल्या डब्यात?"

"पहिल्या डब्यात ना?" त्या हसल्या. "पहिल्या डब्यात तर आमचे जावई बसले. मुलगा म्हणाला होता, ती जागा बोलून ठेवली आहे, पण जावयांना मागे कसं बसवणार. तर ते पुढे, आणि मुलगा त्यांच्या बाजूला."